काळा रंग मुरेपर्यंत

गाडीला काळा रंग द्या म्हणणारं गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात दिसलं की धाकटीच्या कपाळाला आठी पडायची. पांढरा रंग भोळा, काहीही पोटात घालतो. लाल जरा नखरे करतो, पण मनवता येतो. काळा मात्र एक नंबरचा चुगलखोर. माशी बसून उठली तरी तो जगाला ओरडून सांगणार. त्यातून गिऱ्हाईक वकील असेल तर मग बघायलाच नको.

तरी तिनं वकिलांची गाडी घेतली, आणि अशी रंगवली की दादानं, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, हातातला हातोडा खाली ठेवून गाडीभोवती एक चक्कर मारली. दादा चेपलेला पत्रा सरळ करायचा, ती रंग द्यायची, आणि एकमेकांचं कौतुक करायची पद्धत दोघांच्यात नव्हती. "बरी झालीये," दादा म्हणाला. दुसऱ्या कोणी टाळ्या वाजवल्या असत्या, दादा 'बरी' म्हणतो.

रंग मारणं हे अर्धंच काम. तो टिकवणं हे उरलेलं अर्धं, आणि तिथंच लोक माती खातात. ताजा रंग वरून वाळलेला दिसतो, पण आत ओलाच असतो. त्याच्या पोटातलं थिनर हळूहळू बाहेर पडत असतं. चमक वाढावी म्हणून घाईघाईनं मेण नाहीतर पॉलिश फासलं, तर त्याचं तोंड दाबल्यासारखं होतं आणि पुढे सगळी झळाळी मलूल पडते. वर कव्हर घातलं तर कापडाची वीण उमटते. पक्ष्यानं घाण केली तर तिथं जन्माचा डाग. तेव्हा गाडी सावलीत उघडी ठेवायची, साध्या पाण्यानं धुवायची, मऊ कापडानं नुसती टिपायची आणि बाकीचा वेळ हात खिशात घालून बसायचं. वकिलांच्या घरासमोर डेरेदार झाड होतं आणि झाडावर पक्ष्यांचं मोठं बिऱ्हाड. म्हणून रंग मुरेपर्यंत गाडी गॅरेजच्या आतल्या शेडमध्येच राहील असं ठरलं.

आणि आतल्या शेडला लागूनच घर होतं, आणि घरात आबा होते. घोर होता तो हाच.

आबा दोघांचे वडील. हे गॅरेज त्यांनीच उभं केलेलं. त्यांच्या काळी फवाऱ्याच्या गनमधून निघालेला रंग राखेसारखा मंद असायचा. चमक यायची ती नंतर, घोटून घोटून. थरावर थर द्यायचे, पाणी मारून काचकागदानं घासायचे, मग कंपाउंड लावून दिवसभर घोटायचं. आबांनी घोटलेल्या बॉनेटमध्ये बघून माणसं भांग पाडायची म्हणे. आता मात्र जेवण झालं की नाही हे त्यांना आठवायचं नाही. मुलगी समोर उभी असली तर तिला 'बाई' म्हणायचे आणि तिलाच विचारायचे, "आमची खारूताई दिसली का कुठं?" खारूताई म्हणजे तीच. लहानपणी टायरांच्या ढिगावर सरसर चढायची म्हणून आबांनीच ठेवलेलं नाव. पहिल्यांदा त्यांनी तसं विचारलं तेव्हा ती आत जाऊन रडली होती. मग तेही अंगवळणी पडलं. माणसाच्या अंगवळणी काय पडणार नाही!

पण गाड्यांचं अंगवळणी पडण्यासारखं नव्हतं. आधी एका पांढऱ्या टॅक्सीचं बॉनेट त्यांनी कागदानं घासून भुंडं केलं. मग एका लाल गाडीचं दार असं खरवडलं की खालचा प्रायमर उघडा पडला. सगळ्यांचं एकच मत पडलं, हात जुने आहेत, घोटल्याशिवाय राहवत नाही. हल्लीचा रंग गनमधूनच चमकत येतो आणि वरचा पारदर्शक थर कांद्याच्या पापुद्र्याएवढा असतो, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. मग दादानं भंगारातलं एक मळकं दार आणून त्यांच्यासमोर ठेवलं. घोटा म्हणाला काय घोटायचं ते. आबांनी त्या दाराकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. ती गोष्ट तेव्हाच कुणाच्या तरी डोक्यात यायला हवी होती, पण नाही आली.

लाल गाडीच्या मालकानं गॅरेजसमोर उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा उद्धार केला. त्या संध्याकाळी दादा म्हणाला, "आता पुरे. अजून एकदा जरी असं झालं ना, तर मी तिकडे फोन करणार."

तिकडे म्हणजे शहराच्या टोकाला असलेल्या, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत. बहीणभाऊ मिळून बघून आले होते. वाईट असं काही नव्हतं, फरशी स्वच्छ होती, बायका आवाज न चढवता बोलत होत्या. एका लांब खोलीत म्हातारी माणसं भिंतीकडे तोंड करून खुर्च्यांवर बसली होती. एक बाई पायमोज्याला मांडीवर घेऊन थोपटत होती. बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "आबा इथं येणार नाहीत." दादानं संस्थेचा नंबर लिहिलेला कागद घडी करून खिशात ठेवला.

"एकदा," त्या संध्याकाळी ती म्हणाली. "एवढी काळी गाडी सुखरूप जाऊ दे. मी आहे ना."

"तू चोवीस तास काय राखण करणार आहेस?"

"करीन."

आणि केली. गाडी तळहाताच्या फोडासारखी जपायची आणि बापालाही तसंच, म्हणजे एका हाताला दोन फोड. शेडच्या दाराला कडी घातली तर आबा दार बडवून हाताची सालं काढायचे, म्हणून दार उघडं आणि दारात तिची खुर्ची. सकाळी उठून पाण्याची बादली, मऊ कापड, बॉनेटवरची धूळ पाण्यानं ओघळवून टिपून घेणं. मग दिवसभर बाकीची कामं शेडच्या दारातून दिसतील अशी हलवून घेतलेली. गाडी दिवसागणिक खोल काळी होत चालली होती. छताच्या ट्यूबलाईट तिच्यात सरळ रेघेसारख्या उतरायच्या, कुठं वाक नाही, कुठं थरथर नाही. असा रंग तिच्या हातून आजवर उतरला नव्हता, हे तिचं तिलाही कळत होतं. थोडा गर्वही होता. का नसावा?

एका सकाळी आबा तिच्या खुर्चीपाशी आले आणि गाडीकडे बघत हळूच म्हणाले, "बाई, त्याला सांगा ना जायला."

"कुणाला, आबा?"

"तो म्हातारा. कधीचा उभा आहे. मी सांगून दमलो. माझ्याकडेच बघतो नुसता."

तिनं वळून पाहिलं. शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. गाडीच्या काळ्या चकचकीत दारात आबा उभे होते, विस्कटलेले केस, बटण चुकलेला सदरा. ती हसणार होती, पण हसू ओठापर्यंत येऊन तिथंच विरलं. पांढरी टॅक्सी, लाल दार, तोंड न दिसणारं भंगारातलं दार, सगळं एकदम जागच्या जागी बसलं. आबा गाड्या घोटत नव्हते. आबा त्या माणसाला पुसून टाकत होते.

"काय हवंय त्याला?" तिनं विचारलं.

"गॅरेज घ्यायला आलाय," आबा कुजबुजले. "आधी न्हाणीघरात होता. मी हाकलला, तर इकडे आला."

तिनं घरातले आरसे उतरवले. न्हाणीघरातल्या आरशावर जुनं वर्तमानपत्र चिकटवलं. त्या दिवशी आबा बरेच शांत होते. पोटभर जेवले, दुपारी झोपलेही. हे गाडीवर कसं करायचं? गाडीवर कापड घालून चालत नव्हतं, कागद तर नाहीच नाही. तिनं दादाला सांगितलं तेव्हा तिला वाटलं होतं, रोग कळला म्हणजे अर्धी लढाई जिंकली. दादा ऐकताना हातोड्याची मूठ चाचपत होता.

"हे तर आणखी वाईट," तो म्हणाला. "सवय असती तर मोडली असती एखादवेळी. अगं, आपण चमकवतो काय? गाड्याच ना? प्रत्येक गाडीत तो म्हातारा असणारच. तू जितकं चांगलं काम करशील तितका तो त्यांना स्पष्ट दिसणार."

पण हार मानेल तर ती धाकटी कसली. दोन रात्री तळमळून तिनं एक युक्ती काढली. आबांना भीती वाटते ती तो कोण हे कळत नाही म्हणून. मग कळू दे. या रंगात नाकावरचा तीळसुद्धा दिसतो. आपण शेजारी उभं राहून दाखवायचं, हे तुम्ही, ही मी. रंगच साक्ष देईल. रंग देणाऱ्या माणसालाच असा विचार सुचू शकतो. दुसऱ्या कुणाचा आपल्या रंगावर इतका भरवसा नसतो.

सकाळच्या उजेडात तिनं आबांचा हात धरला आणि त्यांना काळ्या दारासमोर नेलं. ते पाय ओढत आले. ती त्यांच्या किंचित मागे उभी राहिली, डोक्याला रंगकामाचा रुमाल तसाच बांधलेला. दाराचा पत्रा मधे फुगीर होता. अशा पत्र्यात मागे उभं असलेलं माणूस आखूड, लहानखुरं दिसतं.

"बघा आबा. घाबरू नका. हा माणूस म्हणजे तुम्हीच. आणि ही शेजारी—"

आबांचे डोळे एकदम मोठे झाले. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"खारूताई!"

किती महिन्यांनी! "हो, आबा! खारूताई! मीच!" तिनं त्यांचा हात घट्ट दाबला, आणि काळ्या रंगातल्या त्या छोट्या मुलीचा हात काळ्या रंगातल्या म्हाताऱ्यानं घट्ट धरला. आबा थरथरत होते. तिला वाटलं आनंदानं. ती स्वतःही आनंदानंच थरथरत होती, दुसरं तिला काय वाटणार? तिनं त्यांना आत नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि धावत पुढे दादाकडे गेली.

"ओळखलं मला! नावानं हाक मारली! दादा, ऐकतोयस का? खारूताई म्हणाले!"

दादानं हातोडा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर एरवी कधी न दिसणारं काहीतरी आलं, त्याला हसणं म्हणायला हरकत नव्हती. दोघं तिथंच उभ्याउभ्या बोलत राहिले, आबांनी तिला टायरांवरून उतरवताना कसे शब्द वापरले होते वगैरे. गाडीची राखण, दारातली खुर्ची, सगळं तेवढ्यापुरतं विसरलं. इतके दिवस डोळ्यांत तेल घालून बसलेली पोर, आणि पाठ फिरवली ती याच वेळी.

आधी आवाज आला. कोरड्या कागदाचा, जाड दाण्याच्या. रंगाऱ्याला तो आवाज झोपेतही कळतो.

ती धावली. आबा काळ्या दारासमोर गुडघ्यांवर बसले होते. हातात गंज काढायचा खरखरीत कागद होता आणि ते जीव तोडून घासत होते. दाराचा अर्धा भाग पांढुरका झाला होता. बोटांची टोकं सोलवटून त्या पांढुरक्यात लाल रेघा उमटल्या होत्या. पण ते कुठंही घासत नव्हते. म्हातारा दिसत होता तेवढंच घासत होते. तोंड, खांदे, मग तो हात. लहान मुलीपाशी आले की कागद थांबायचा आणि कडेकडेनं, हलक्या हातानं फिरायचा.

"सोड तिला," ते म्हणत होते. "लहान आहे ती. मला ने हवं तर. सोड." आणि मग आवाज बदलून, लाडानं, "खारूताई, बाहेर ये. घाबरू नको. मी आहे ना. ये, बाळा."

ती त्यांच्या मागे उभी होती, म्हणून ती मुलगी तिथं होती.

"आबा," ती म्हणाली. "आबा, मी इथं आहे. मागे बघा."

त्यांनी मान वळवली नाही. "बाई, जरा थांबा. माझी पोर आत आहे."

तिला ते सहन झालं नाही. ती बाजूला सरकली. दारातून मुलगी नाहीशी झाली, आणि आबांनी जी किंकाळी फोडली तशी तिनं त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. "नेली! नेली रे तिला!" त्यांनी दारावर डोकं आपटलं. ती धावत परत जागेवर आली. मुलगी परत आली. आबा हुंदके देत पुन्हा घासू लागले, आता दोन्ही हातांनी. त्यांचं रक्त कागदाला लागून कागद निसटत होता.

हलली तर पोर जाणार, थांबली तर पोर अडकलेलीच राहणार. तिला आपल्या हाताचा, आपल्या गनचा, त्या सरळ उतरणाऱ्या ट्यूबलाईटच्या रेघांचा मनापासून संताप आला. इतका चांगला रंग द्यायची काय गरज होती?

तिनं फळीवरून दुसरा कागद घेतला आणि आबांशेजारी गुडघ्यांवर बसली. "मी मदत करते," ती म्हणाली.

"तिला लागेल हं," आबा म्हणाले.

"नाही लागणार."

तिनं आपल्याच तोंडावर कागद ठेवला आणि घासायला सुरुवात केली. वरचा थर गेला, काळा गेला, करडा प्रायमर आला. दोघं शेजारी शेजारी घासत राहिले, लहानपणी तिला शिकवताना बसायचे तसेच. दार संपलं तेव्हा मागचं दार, मग मडगार्ड. जिथं जिथं कोणी दिसत होतं तिथं तिथं. शेवटी गाडीची ती सगळी बाजू राखेसारखी मंद झाली. त्यात कोणीच नव्हतं.

आबांनी कागद खाली टाकला. "गेला," ते म्हणाले. मग त्यांनी घाबरून इकडे तिकडे पाहिलं. "आणि पोर?"

"बाहेर आली," ती म्हणाली. "पळत घरी गेली."

"तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली."

"लागलं नाही ना कुठं?"

"नाही."

आबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि त्यांचे डोळे मिटू लागले. तिनं मान वर केली तर शेडच्या दारात दादा उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. आता हा गरजेल, असं तिला वाटलं. दादा गरजला नाही. तो आत आला, उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसला आणि आबांची सोललेली बोटं हातात घेऊन बघत राहिला.

"मी नाही फोन करणार," तो म्हणाला. "वकिलांना मी बघून घेतो. गाडी परत रंगवून देऊ. आबा राहू देत इथंच."

हेच ऐकण्यासाठी तिनं इतके दिवस जिवाचं रान केलं होतं. आता ते कानावर पडलं आणि तिला त्याचा काही उपयोग नव्हता. गाडी परत रंगवायची म्हणजे परत चमकवायची. मग दुसरी, मग तिसरी. दर गाडीत तो म्हातारा आणि त्याच्या हातात ती पोर. आबा रोज तिला सोडवायला येणार, बोटांची हाडं दिसेपर्यंत. गॅरेज बंद करायचं तर खायचं काय? आणि बंद केलं तरी खिडकीची काच आहे, ताटातलं पाणी आहे.

"करते मी," ती म्हणाली, आणि उठून फोन केला.

दुसऱ्या दिवशी दादानं मालाचा टेम्पो काढला, कारण त्याला चमक नावाला नव्हती. तिनं आबांच्या बोटांच्या पट्ट्या बदलल्या, सदऱ्याची बटणं नीट लावली, कपड्यांची पिशवी भरली. पण टेम्पोपाशी आल्यावर आबांनी गॅरेजची चौकट धरली ती सोडेनात. पट्ट्यांतून पुन्हा लाल फुटलं. "हे माझं घर आहे," ते म्हणत होते, आणि ते अगदी खरं होतं. दादा एक बोट सोडवायचा तर दुसरं आवळलं जायचं. शेवटी तो भिंतीला टेकला आणि म्हणाला, "मला नाही जमत."

धाकटी पुढे झाली. तिला काय म्हणायचंय ते तिला ठाऊक होतं. ते म्हटल्यावर आपण स्वतःला कधी क्षमा करणार नाही हेही ठाऊक होतं.

"आबा," ती म्हणाली, "खारूताई तिकडे आहे."

आबांचे हात सुटले. "तिकडे? घरी गेली म्हणालात ना?"

"हो. नंतर तिकडे गेली. तुमची वाट बघतेय."

"मग आधी सांगायचं नाही का!" आबा रागावलेच. स्वतःच टेम्पोची पायरी चढले, पुढच्या सीटवर बसले आणि पिशवी मांडीवर घेऊन दादाला म्हणाले, "चला, चला. एकटी आहे ती." मग खाली वाकून त्यांनी धाकटीकडे पाहिलं. चेहऱ्यावर आर्जव होतं. "बाई, तुम्ही पण येता का? तुम्हाला ओळखते ती."

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली आणि दार लावलं.

टेम्पो गल्लीच्या टोकाला जाऊन वळला. ती चौकटीपाशी उभी होती. आबांनी एकदाही मागे पाहिलं नाही. त्यांना घाई होती.